दोन सोंडांचा हत्ती : ग्रँट रणगाड्याचे १:३५ किट

गेल्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी, जळगावचा पारा ४३ अंशांच्या वर जाऊन बसलेला असताना, माझ्या घरी कुरिअरने एक खोके आले. त्याचा एक कोपरा इतका चेपलेला होता की आत काय काय मोडले असेल या धास्तीने मी ते दारात उभ्यानेच उघडले. आत दुसऱ्या महायुद्धातील ग्रँट या रणगाड्याचे १:३५ प्रमाणातील प्लास्टिकचे किट होते, आणि चेपलेल्या कोपऱ्यात सुदैवाने फक्त सूचनापुस्तिका होती. किटला ४,३०० रुपये आणि पाठवणावळीला १८० रुपये पडले. जळगावात मला अशी किट कोठे मिळाली नाहीत. गोलाणी मार्केट आणि फुले मार्केट पालथे घातले तरी रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांपलीकडे काही हाती लागले नाही, म्हणून दुसऱ्या शहरातील एका विक्रेत्याकडून ते मागवावे लागले. निर्मात्याचे आणि विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांना ईमेलने कळवल्या आहेत आणि त्या एका खोक्यापुरत्या आहेत.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेड शिकवतो आणि माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरीला होते. हे सांगण्याचे कारण असे की, हा रणगाडा मी निवडला तो त्याच्या तोफेमुळे किंवा पराक्रमामुळे नव्हे, तर त्याच्या अंगभर असलेल्या रिव्हेटमुळे, म्हणजे पत्रे जोडण्यासाठी ठोकून बसवलेल्या गोल माथ्याच्या खिळ्यांमुळे. वरणगाव आणि भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमुळे आमच्या भागात तोफगोळे आणि काडतुसे यांविषयी बोलणारी माणसे पुष्कळ सापडतात. रिव्हेटविषयी बोलणारी पिढी मात्र वाफेच्या इंजिनांबरोबर निवृत्त झाली.

किटविषयी बोलण्यापूर्वी मूळ यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय या किटमध्ये काय चांगले जमले आणि काय चुकले ते कळणार नाही. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला तेव्हा ब्रिटनचे बरेचसे रणगाडे फ्रान्समध्येच राहून गेले होते, म्हणून त्याला अमेरिकेकडून रणगाडे हवे होते. अमेरिकेला ७५ मिमी तोफ असलेला रणगाडा तातडीने हवा होता, पण एवढी मोठी तोफ बसेल असा टरेट, म्हणजे फिरता बुरूज, तयार करण्याइतका अनुभव आणि वेळ तिच्यापाशी नव्हता. तेव्हा मधला मार्ग म्हणून मोठी तोफ धडाच्या उजव्या अंगाला काढलेल्या एका कप्प्यात बसवली, वर छोटा बुरूज ठेवून त्यात ३७ मिमीची दुसरी तोफ दिली, आणि त्याला एम ३ असे नाव दिले. कप्प्यातील तोफ डावी-उजवीकडे जेमतेम १५-१५ अंश वळत असे, त्याहून अधिक वळवायची तर सगळा रणगाडाच वळवावा लागे. अमळनेरहून आलेल्या माझ्या मावशीने अर्धवट जोडलेले मॉडेल टेबलावर पाहून विचारले, "हाई काय शे रे भाऊ? दोन सोंडना हत्ती?" या रणगाड्याचे याहून नेमके वर्णन मी अद्याप वाचलेले नाही.

ब्रिटिशांनी आपल्या ऑर्डरीतील रणगाड्यांसाठी बुरूज वेगळा करून मागितला. अमेरिकी बुरुजाच्या माथ्यावर मशिनगन असलेली आणखी एक छोटी घुमटी होती. ती त्यांनी काढून टाकली, त्यामुळे उंची थोडी कमी झाली, आणि बुरुजाची मागची बाजू लांबवून तेथे वायरलेस सेट बसवला, म्हणजे कमांडर आणि वायरलेस एकाच ठिकाणी आले. या ब्रिटिश बुरुजाच्या रणगाड्याला त्यांनी अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या जनरल ग्रँटचे नाव दिले, आणि मूळ अमेरिकी बुरुजाच्या रणगाड्याला त्याच युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या जनरल लीचे. खाली सगळे जवळपास सारखेच आहे, फरक आहे तो बुरुजात. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, कारण माझी मुख्य तक्रार याच फरकावर उभी आहे.

आता रिव्हेट. हा रणगाडा मोटारीचे कारखाने आणि रेल्वेचे कारखाने यांनी मिळून बनवला. डेट्रॉइटमध्ये क्रायस्लरने त्यासाठी नवा कारखाना उभारला हे खरे, परंतु बाकीची कामे गेली ती बाल्डविन आणि अमेरिकन लोकोमोटिव्ह या इंजिने बांधणाऱ्या कंपन्यांकडे, आणि पुलमन व प्रेस्ड स्टील कार या डबे बांधणाऱ्या कंपन्यांकडे. जाड पोलादी पत्रा कापायचा, त्याला छिद्रे पाडायची, तो सांगाड्यावर चढवायचा आणि रिव्हेट ठोकून पक्का करायचा, हे काम त्या कामगारांच्या हाताला आधीपासून बसलेले होते. भुसावळच्या माणसाला यातली दोन नावे परकी वाटणार नाहीत. डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचे पहिले १६ नमुने बाल्डविननेच १९४७ मध्ये बांधून पाठवले होते, आणि पुढे ज्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनांनी आपल्या देशातील अर्धी रेल्वे ओढली त्यांना जुने ड्रायव्हर अजूनही सरळ 'अल्को' म्हणतात, ते अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचेच संक्षिप्त नाव. माझ्या वडिलांनी ज्या कंपनीच्या घराण्यातील इंजिनांना हात लावला त्याच घराण्यातील हा रणगाडा आहे, हे मला किट मागवण्याच्या बऱ्याच आधीपासून माहीत होते.

म्हणून खोके उघडल्यावर मी प्रथम धडाच्या दोन्ही बाजूंचे पत्रे भिंगाखाली पाहिले, आणि येथे निर्मात्याला पूर्ण गुण द्यावे लागतात. प्रत्येक रिव्हेटचा माथा गोल, वेगळा आणि कडेला स्वच्छ उतरलेला आहे. साच्यातून नीट न सुटल्याने चपटे झालेले माथे मला संपूर्ण किटमध्ये चारच सापडले. रांगा सरळ आहेत, आणि जेथे दोन पत्रे आतल्या कोनपट्टीवर एकत्र येतात तेथे रिव्हेटची दुहेरी रांग बरोबर दिली आहे. व्हर्नियर कॅलिपरने मोजले तेव्हा धडाची लांबी १६१ मिमी भरली. मूळ रणगाडा ५.६४ मीटर लांब होता, म्हणजे ३५ ने भागल्यावर हीच लांबी यायला हवी. प्लास्टिक करड्या रंगाचे, किंचित कडक जातीचे आहे. कानस त्यावर चांगली चालते, पण ब्लेडने जोर लावला तर कड तुटते.

रिव्हेटचे हे सौंदर्य मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने आहे, आत बसणाऱ्याच्या दृष्टीने नव्हे. बाहेरून गोळा आदळला, तो चिलखत भेदून आत आला नाही तरी, रिव्हेटची आतली बाजू तुटून गोळीसारखी आत उडू शकत असे. त्यामुळे पुढच्या काही उपप्रकारांत धड ओतीव केले गेले, काहींत वेल्डिंगचे. परंतु एकूण ६,२५८ एम ३ बनले त्यांपैकी फार मोठा भाग रिव्हेटचाच राहिला, कारण युद्ध थांबून राहत नाही आणि कामगाराचा हात एका महिन्यात बदलत नाही. रशियाला पाठवलेल्या एम ३ रणगाड्यांना तेथील सैनिकांनी 'सामूहिक कबर' असे टोपणनाव दिल्याचे सांगतात. उंच धड, आत सहा-सात माणसे आणि समोर जर्मन तोफा, हे पाहता त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी.

उंचीचे कारण किट जोडताना हातांना कळते. मागच्या भागात राइट कंपनीच्या आराखड्याचे नऊ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे विमानाचे इंजिन आहे. ताऱ्यासारखी सिलिंडरे पसरलेले हे इंजिन उभे बसते, त्याचा मधला दांडा जमिनीपासून बराच वर येतो, आणि तो दांडा तिरका होऊन पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत लढाईच्या कक्षाखालून जातो. साहजिकच त्या कक्षाची जमीन वर उचलली जाते, तिच्यावर माणसे, माणसांवर बुरूज, आणि रणगाडा तीन मीटरच्या आसपास उंच होतो. या किटमध्ये संपूर्ण अंतर्भाग दिलेला नाही, फक्त दोन्ही तोफांचा मागचा भाग आणि मोठ्या तोफेचा पाळणा दिला आहे. इंजिन मुळीच नाही. या किमतीत मला ते खटकले नाही, कारण मागची झाकणे एकदा चिकटवली की ते कोणाला दिसणार नव्हते. तरीही फिटर माणसाला एक इंजिन कमी मिळाल्याची हळहळ राहतेच.

जोडणीत खरी परीक्षा उजव्या अंगाच्या तोफेच्या कप्प्याची आहे. सूचनापुस्तिकेत हा कप्पा सातव्या पायरीवर, पाच तुकड्यांत, धडाच्या बाकी पत्र्यांआधी जोडायला सांगितला आहे. मी तसे केले आणि वरचा छताचा पत्रा बसवताना समोरच्या बाजूला जवळपास एक मिलिमीटरची फट राहिली. ब्लेडने सांधे सोडवून, छत आधी आणि कप्पा नंतर, असा उलटा क्रम घेतला तेव्हा सगळे हात घातल्यासारखे बसले. ज्यांना हे किट घ्यायचे असेल त्यांनी एवढा एक बदल करावा, पुटीचा अर्धा डबा वाचेल. तोफेच्या तोंडापाशी एक जाड कडे आहे. पुष्कळ जण त्याला मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागे बसणारा धक्का कमी करणारा भाग, समजतात, परंतु सुरुवातीच्या ७५ मिमी तोफेची नळी आखूड होती आणि तोल साधण्यासाठी तिच्या तोंडाशी वजन म्हणून ते कडे बसवले जाई. किटमध्ये दोन्ही नळ्या आहेत, आखूड कड्याची आणि नंतरची लांब. वाळवंटातील सुरुवातीच्या लढायांसाठी आखूड वापरावी.

खालच्या चाकांच्या जोड्यांना रणगाड्यांच्या भाषेतही बोगीच म्हणतात. प्रत्येक बाजूला तीन, प्रत्येक बोगीला दोन चाके आणि वर शंखासारखी गुंडाळलेली उभी स्प्रिंग, ज्या जातीची स्प्रिंग जुन्या मालडब्यांच्या बफरमध्ये असे. किटमधील बोग्या हलत्या ठेवता येतात, खडबडीत जमिनीवर मॉडेल मांडायचे असेल तर चाके वरखाली होतात. रबरी ठोकळ्यांचे पट्टे मात्र कंटाळवाणे आहेत. सरळ भागासाठी लांब पट्टी आणि वळणासाठी सुटे दुवे दिले आहेत, आणि प्रत्येक दुवा किटमधील सुटे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीला तीन ठिकाणी जोडलेला आहे, त्यातला एक सांधा नेमका दुव्याच्या दातावर. दोन रात्री मी फक्त हे दात साफ करत होतो. सुट्टीत आलेला भाचा एक संध्याकाळ मदतीला बसला, वीस दुवे करून "मामा, हे काम शिक्षेसारखं आहे" म्हणून उठून गेला, आणि मला त्याला थांबवण्याचे धाडस झाले नाही.

आता बुरूज. किटमधील ओतीव बुरूज खरोखर सुरेख आहे. त्याच्या पृष्ठभागावर ओतकामाची खरखर दिली आहे, ती धडाच्या गुळगुळीत पत्र्याशेजारी लगेच वेगळी जाणवते, आणि मागचा वायरलेसचा फुगवटा बरोबर जागी सुरू होतो. अर्थात हा ग्रँटचा बुरूज आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ग्रँट असेच लिहिले आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. गैर आहे ते रंगयोजनांच्या पानावर. पाच योजना दिल्या आहेत, त्यांतल्या चार लिबिया-इजिप्तच्या वाळवंटातील आहेत आणि पाचवीवर लिहिले आहे की ही तिसऱ्या कॅराबिनिअर्स रेजिमेंटची, एप्रिल १९४४, नुनशिगुम. पान उलटून ही ओळ वाचली तेव्हा मला फार आनंद झाला, कारण हे किट मी मागवले ते याच एका ओळीसाठी. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर तिचा उल्लेख होता. परंतु चित्रात हिरवा रंग आणि पांढरा मोठा तारा अंगावर घेऊन उभा असलेला रणगाडा ग्रँटचा बुरूज लावून उभा होता, आणि नुनशिगुमच्या डोंगरावर चढले ते ली होते.

हा किरकोळ फरक आहे असे वाटणाऱ्यांसाठी नुनशिगुमविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १९४४ पर्यंत युरोप-आफ्रिकेच्या हिशेबात एम ३ म्हातारा झाला होता. शर्मन हा नवा अमेरिकी रणगाडा आला होता, आणि वाळवंटातील रणगाडे मागे पडले होते. पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी सैन्याकडे रणगाडाविरोधी तोफा थोड्या आणि लहान होत्या, आणि पायदळाला हवी होती ती बंकरच्या तोंडात जवळून गोळा टाकणारी ७५ मिमी तोफ. म्हणून जे यंत्र इतरत्र निवृत्तीला आले होते ते येथे नव्या कामाला लागले. फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानमधील सिंझवेया येथे, ज्याला ॲडमिन बॉक्स म्हणतात, वेढ्यात सापडलेल्या सैन्याला टिकवून धरण्यात २५व्या ड्रॅगून्स या रणगाडा रेजिमेंटच्या अशाच रणगाड्यांचा मोठा वाटा होता.

नुनशिगुम हा इंफाळच्या मैदानाच्या ईशान्येचा, मैदानावरून सुमारे हजार फूट उंच उठणारा डोंगर. तो जपान्यांच्या हातात राहिला असता तर खालचे सगळे मैदान त्यांच्या डोळ्यांखाली आले असते. १३ एप्रिल १९४४ रोजी १७व्या डोगरा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीबरोबर कॅराबिनिअर्सच्या बी स्क्वाड्रनचे ली रणगाडे त्या धारेवर चढले. एवढ्या चढावर रणगाडा येईल अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. धार इतकी अरुंद होती की पट्टा कोठे टेकतो हे पाहण्यासाठी कमांडरना बुरुजातून डोके बाहेर काढून ड्रायव्हरला वाट सांगावी लागत होती, आणि त्यांतले एकामागून एक असेच मारले गेले. स्क्वाड्रनचे अधिकारी संपल्यावर सार्जंट-मेजर क्रॅडॉक यांनी रणगाड्यांची सूत्रे हाती घेतली, डोगरांचेही ब्रिटिश अधिकारी पडले तेव्हा सुभेदार रणबीर सिंग यांनी पायदळाची, आणि या दोघांनी मिळून तो माथा घेतला. त्या रेजिमेंटच्या आजच्या वारसदार पलटणीत या दिवशी तो स्क्वाड्रन अधिकाऱ्यांशिवाय परेड करतो.

याच्या बरोबर एका महिन्याने, १३ मे रोजी, कोहिमात डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर एक ली उतारावरून खाली उतरवला गेला, आणि त्याने वीस-पंचवीस पावलांवरून जपानी बंकरांवर ७५ मिमीचे गोळे टाकून डॉर्सेट रेजिमेंटला वाट करून दिली. कोहिमात डोंगरउतारावर अडकलेला एक असा रणगाडा आजही स्मारक म्हणून जागच्या जागी जपून ठेवला आहे. ज्या बाजूला टेनिस कोर्टापलीकडचा बंकर, त्या बाजूला तोफ वळवायची म्हणजे अख्खा रणगाडा वळवायचा. वळायला जागा नाही, खाली चिखल आणि समोरून गोळीबार. हे सगळे मॉडेलच्या कप्प्यातील ती तोफ बोटाने डावी-उजवीकडे फिरवून पाहताना जितके कळते तितके नकाशावरून कळत नाही.

सांगायचा मुद्दा असा की, भारताच्या दृष्टीने या रणगाड्याची जी सर्वांत मोठी कामगिरी ती लीच्या बुरुजाखाली झाली, आणि किटमध्ये लीचा बुरूज नाही. मी निर्मात्याला छायाचित्रांसह सविस्तर ईमेल पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आले. त्यात आभार मानले होते, रंगयोजनेचे पान पुढील छपाईत तपासू असे लिहिले होते, आणि लीचे स्वतंत्र किट आमच्याकडे आहे ते आपण अवश्य घ्यावे असे सुचवले होते. भाषा सभ्य होती, पण मी आणखी चार हजार रुपये खर्चून त्यांची चूक दुरुस्त करून घेण्याचा हा सल्ला मला पटला नाही. उलट एक फुटलेली हेडलाइटची काच मी विक्रेत्याला कळवली तेव्हा त्याने काही न विचारता पूर्ण पारदर्शक चौकट तीन आठवड्यांत पाठवून दिली, हेही नमूद केले पाहिजे.

फुगवटा कापून, पुटी भरून, लेथवर घुमटी काढून ग्रँटच्या बुरुजाचा ली करता आला असता. माझ्या हाताला ते अशक्य नव्हते. परंतु ओतीव पृष्ठभागाची ती खरखर एकदा घासली गेली की पुन्हा येत नाही, आणि इतका चांगला बुरूज मोडायला मन झाले नाही. शेवटी मी पहिली योजना घेतली, लिबियातील गझालाची.

गझालाच्या लढाईत, मे १९४२ च्या अखेरीस, ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याकडे दीडशेहून अधिक ग्रँट होते आणि जर्मनांना त्यांची फारशी कल्पना नव्हती. तोवर ब्रिटिश रणगाड्यांवरील दोन पौंडी तोफेला लढाईत फुटणारा गोळा मिळतच नसे, नुसता भेदणारा ठोस गोळा असे, त्यामुळे दूर लपलेल्या जर्मन रणगाडाविरोधी तोफेच्या माणसांना उठवून लावण्याचे साधनच नव्हते. ग्रँटने ते दिले. २७ मे रोजी पहाटे तिसरी भारतीय मोटार ब्रिगेड बीर हकीमच्या आग्नेयेला इटालियन आरिएते डिव्हिजनच्या रणगाड्यांखाली सापडली, आणि तिच्यापाशी तर एकही रणगाडा नव्हता. नवा रणगाडा आला म्हणून लढाई जिंकली असे झाले नाही. २१ जूनला तोब्रुक पडले. मोठी तोफ खाली असल्याने ग्रँटला टेकाडाआड अंग लपवून गोळा टाकता येत नसे, तो मारायला उभा राहिला की छातीपर्यंत उघडा पडे. तरी ऑक्टोबरमध्ये अल अलामीनला नव्या शर्मनच्या बरोबरीने तो पुन्हा उभा होताच.

वाळवंटाची योजना जळगावच्या मे महिन्यात रंगवायची म्हणजे कल्पनाशक्तीला फारसे काम उरत नाही, पण एअरब्रशला उरते. दुपारी रंग नळीतून निघून पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो आणि खडबडीत पिठासारखा बसतो. थिनर वाढवून पाहिले, रंग पातळ होऊन रिव्हेटच्या माथ्यांवरून ओघळला. कूलर लावावा तर दमट हवा आणि त्याबरोबर खसाचे तुकडे येतात. अखेर पहाटे साडेचार ते साडेसहा ही वेळ धरली, गच्चीचे दार लावून घेतले, आणि चार पहाटांत काम झाले. आधी अमेरिकी हिरवा सगळीकडे मारला, त्यावर केस विंचरताना मारतात तसला साधा हेअरस्प्रे, आणि मग फिकट वाळूचा रंग, कारण अमेरिकेहून हिरवे आलेले रणगाडे आफ्रिकेत पोहोचल्यावर वाळूच्या रंगात रंगवले जात. रंग सुकल्यावर ओल्या ब्रशने कडा घासल्या की वाळूचा रंग निघून खालचा हिरवा डोकावतो. झाकणाच्या कडा, चढायच्या पायऱ्या, आणि तोफेच्या कप्प्याचा वरचा काठ, जेथे गोळे आत देताना माणसांचे बूट घासत असणार, एवढ्याच जागी मी तो काढला.

किटमधील डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायची खुणांची चित्रे, पातळ आहेत आणि सोल्युशनने रिव्हेटवर चांगले बसतात, परंतु एकदा टेकवल्यावर सरकवायला फार वेळ देत नाहीत. धुळीसाठी मी बाजारातील तयार पूड घेतली नाही. फैजपूरच्या चुलतभावाच्या केळीच्या बागेतील माती आणून पाहिली, ती फार काळी निघाली. तापीच्या काठचा पिवळसर गाळ वाळवून, ओढणीच्या कापडातून दोनदा गाळून, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलच्या थेंबाने बोग्यांच्या सांध्यांत बसवला तेव्हा हवा तो रंग आला. वायरलेसच्या एरिअलसाठी दिलेला प्लास्टिकचा दांडा काडीपेटीच्या काडीएवढा जाड आहे. त्याऐवजी कपडे घासायच्या नायलॉनच्या ब्रशचा एक केस लावला, तो हात लागला तरी मोडत नाही.

ज्यांना वाळवंटातील ग्रँट करायचा आहे त्यांनी हे किट निःशंक घ्यावे, सातव्या पायरीचा क्रम उलटा करावा आणि पट्ट्यांसाठी दोन शांत रात्री राखून ठेवाव्यात. ज्यांना इंफाळ-कोहिमा डोळ्यांसमोर ठेवून घ्यायचे आहे त्यांनी पाचव्या योजनेवर विसंबू नये आणि सरळ लीचे किट शोधावे. मागवायचे तर दिवाळीनंतर मागवावे, कारण मे महिन्यात खोके कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये चार दिवस पडले तर छताचा लांब पत्रा बाक घेतो. माझ्या किटमधला घेतलेला होता, तो गरम पाण्यात धरून काचेवर दाबून सरळ करावा लागला. नुनशिगुमचे डेकल मी न वापरता मेणकागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवले आहेत.